खाचरात उतरून मोजायचं असतं

कुरवंडे म्हटलं की लोकांना नागफणी आठवते, नाहीतर १६६१ ची उंबरखिंड. कारतलबखान आमच्याच घाटाने खाली उतरला आणि अडकला. आमच्या काकांचा यातला आवडता भाग लढाई नाही, टेहळणी. मलाही टेहळणीबद्दलच लिहायचंय, पण भातावरच्या किडीच्या.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हिंजवडीहून घरी आलो, तर काकांच्या इंद्रायणीत काही फुटव्यांचा गाभा सुकलेला. फोटो काढला, मोबाईलवर शोधलं, निदान केलं: खोडकिडा. दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या, त्यातली एक तर बुरशीची होती. काकांनी दोन्ही फवारल्या. आठवड्याने कृषी सहायक आले. न फवारलेल्या शेजारच्या खाचरात उतरले, वाकून फुटवे मोजले. शंभरात दोन सुकलेले. "पाच होईपर्यंत थांबायचं होतं," म्हणाले.

माझं निदान बरोबर होतं. मी मोजलंच नव्हतं.

हे पाच टक्के म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी. त्याखाली किडीपेक्षा फवारणीच महाग पडते, वर किडीला खाणारे कोळी, चतुरही मरतात. पण मोजायला सरकारी माणूस खाचरात का येतो, याची गोष्ट बंगालपर्यंत जाते. १९४२ साली तिथल्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला, १९४३ मध्ये दुष्काळ. लाखो माणसं गेली. युद्ध, भाववाढ आणि इंग्रज सरकारची धोरणं ही कारणं मोठीच. रोगाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण वुडहेड यांच्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर १९४६ मध्ये केंद्राचं वनस्पती संरक्षण संचालनालय उभं राहिलं. १९१४ चा कायदा होताच, पण त्याचा रोख मुख्यतः बाहेरून येणारी कीड बंदरावर अडवण्याकडे. शिवारात आधीच असलेल्या किडीवर नजर ठेवणं हे वेगळंच काम.

महाराष्ट्राला ते २००८ मध्ये कळलं. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला. पुढच्याच हंगामात, २००९-१० ला, राज्याने 'क्रॉपसॅप' सुरू केलं. सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजतात, आकडे संगणकावर चढतात, शास्त्रज्ञ ते पाहून सल्ला लिहितात, तो शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभऱ्यासोबत भातही त्यात आहे. दिवसभर डेटाशीच खेळणाऱ्या मला ही रचना फार आवडते. फक्त पहिला आकडा कोणाच्या तरी दुखऱ्या कंबरेतून येतो.

आणि यंत्रणा असूनही सगळं सुरळीत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही बातमी मी कॉलेजात वाचली होती. तरी काकांच्या हातात बाटल्या देताना ना मास्क आठवला, ना हातमोजे. त्यांना काही झालं नाही, हे निव्वळ नशीब.

आमच्या खाचराच्या दोन बाजूंना आता बंगल्यांच्या भिंती आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये काकांना सल्ल्याचा मेसेज वाचून दाखवला, तर ते ऐकता ऐकताच चिखलात उतरले. बऱ्याच वेळाने बांधावर आले.

"तीन भरले. थांबू."