तंबोऱ्याचा भोपळा

शोभेसाठी फुलदाणीत ठेवलेले गवताचे तुरे किंवा दारावर बांधलेली ज्वारीची कणसे वर्षभर टिकतात, कारण त्यांतले पाणी निघून गेलेले असते. याच साध्या तत्त्वावर मिरजेतील एक मोठा व्यवसाय उभा आहे. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वेलीवर धरलेले आणि नीट वाळवलेले फळच होय.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास १८५० च्या सुमारास सुरू होतो. शस्त्रे घडवणारे व त्यांना धार लावणारे ते शिकलगार. लढाया थांबल्या, शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार सतारी-तंबोरे करू लागले. पटवर्धन संस्थानात संगीताला आश्रय होता. पुढे या कारागिरांचे 'सतारमेकर' हेच आडनाव रूढ झाले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गायक मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या हकिकतीत संस्थानिक, कारागीर आणि गायक येतात; भोपळा पिकवणारा शेतकरी मात्र क्वचितच येतो. हे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढा परिसरात भीमेच्या काठी होतात. हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस सरला की हवा कोरडी होते आणि वाळवणाला ती मानवते.

वाळवणे म्हणजे नुसते उन्हात ठेवणे नव्हे. कोवळ्या फळात सुमारे ९५ टक्के पाणी असते. ते तोडून ठेवले तर सुरकुतते व कुजते. फळ वेलीवर पूर्ण पक्व होऊ दिले, की सालीतील पेशींच्या भिंतींत लिग्निन साठते आणि साल लाकडासारखी टणक होते. मग पाणी हळूहळू उडून जाते, पण आकार टिकतो. बुरशीला वाढायला ओलावा लागतो. तो संपला की फळ कुजत नाही. मिरजेत कारागीर हा वाळका भोपळा कापून पुन्हा भिजवतो, गर व बिया काढतो, मऊ झालेले तोंड हव्या त्या आकारात ताणून बसवतो आणि परत वाळवतो. अशी हलकी, कडक पोकळी तारांच्या कंपनांना साथ देते.

हा भोपळा आपल्या दुधीच्याच जातीचा. शास्त्रीय नाव लाजेनेरिया सिसेरारिया. मूळचा आफ्रिकेतला. पण अमेरिकेतही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे त्याचे अवशेष सापडतात. तो तेथे पोचला कसा? १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भोपळे २२४ दिवस समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले. तरीही आतले बी रुजले. २०१४ मध्ये डीएनएच्या अभ्यासावरून अमेरिकेतील भोपळ्यांचे नाते थेट आफ्रिकेतील भोपळ्यांशी जुळले. म्हणजे ते अटलांटिक महासागरातून वाहत गेले असावेत. ज्या टणक, पोकळ सालीमुळे तंबोरा घुमतो, तिच्यामुळेच बियाही समुद्र ओलांडू शकल्या.

आज या वाळवणापुढे अडचणी आहेत. ऐन वाळण्याच्या काळात अवकाळी पाऊस झाला तर साल डागाळते, फळ सडते. शिवाय इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे गिऱ्हाइकही कमी झाले. मानांकन मिरजेच्या वाद्यांना मिळाले. पण भोपळा लावणारेच उरले नाहीत तर कारागिराच्या हाती काय येणार? फळ कधी तोडावे, किती वाळवावे हे ज्ञान हातातून हातात येते, आणि वापरात नसले तर एका पिढीतही हरवते.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एक कोवळा दुधी आणि एक वेलीवर जून झालेला दुधी हवेशीर जागी टांगा. दर आठवड्याला दोहोंचे वजन करून आलेख काढा. कडू भोपळा मात्र कोणालाही चाखू देऊ नका; त्यातील कुकुरबिटासिन विषारी असते. जून भोपळा हलवल्यावर बिया खुळखुळू लागल्या, की त्या दिवसाची तारीख नोंदवून ठेवा.