तेरड्याचा रंग तीन दिवस: महाड-पोलादपूरच्या घरातली बिनपैशाची फुलं

(या भागाची लेखी प्रत. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ऐकलंत तसंच ठेवलं आहे.)



मागच्या महिन्यात एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. सणाच्या दिवसांत फुलांचे भाव ऐकून पिशवी रिकामीच घरी येते, तर कमी पैशात ताज्या फुलांनी घर उजळायचं कसं, ते एकदा सांगा. आता आपला कार्यक्रम इतिहासाचा. पण विचार करायला बसले आणि लक्षात आलं, की आमच्या महाड-पोलादपूरकडं घरासाठी फुलं विकत घ्यायची सवय तशी अलीकडचीच. मग आधी घरात फुलं यायची कुठून? ताईंना हवं ते उत्तर तिथंच आहे. म्हणून आजचा भाग फुलांचा.

सुरुवात करते २०२१ पासून.

२१ जुलैच्या रात्री सावित्रीचं आणि गांधारीचं पाणी महाडात चढायला लागलं, आणि २२ तारखेला शहर बुडालं. आमचं घर तळमजल्यावर. माळ्यावर चढवलेलं तेवढं वाचलं, बाकी सगळं चिखलात. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस आम्ही फावड्यानं घर उपसत होतो.

त्या चिखलात एक पत्र्याची पेटी सापडली. गणपतीच्या सजावटीची. आत प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, आठ-दहा वर्षं जपून वापरलेल्या. धुतल्यावर रंग परत आला, अगदी नव्यासारखा. वास मात्र जाईना. साबणाच्या पाण्यात घातल्या, उन्हात टाकल्या, तरी माळ नाकाजवळ नेली की पूर परत घरात यायचा. शेवटी टाकून दिल्या.

गणपती १० सप्टेंबरला होते, गौरी १२ तारखेला. म्हणजे पुरानंतर बावन्नाव्या दिवशी. सजावटीला काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "यंदा नुसती गवर आणायची. तेरडा तर कोणी धुऊन नेला नाही ना?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देशावर गौरी म्हणजे मुखवटे लावलेल्या उभ्या मूर्ती. कोकणस्थांकडं पाणवठ्यावरून आणलेले खडे. आणि आमच्याकडं, रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत, गौर म्हणजे तेरड्याची जुडी. पावसात बांधावर, उतारावर, दगडी गडग्यांच्या फटीत आपोआप उगवणारा तेरडा. बायका-पोरी जाऊन तो मुळासकट उपटून आणतात, त्याला साडी नेसवतात, मुखवटा लावतात, की झाली देवी उभी. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठेवर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तीन दिवस.

आणि मराठीत म्हण कोणती? तेरड्याचा रंग तीन दिवस. टिकत नाही त्या गोष्टीला आपण हसतो ते या फुलावरून. लहानपणी मला ही म्हण म्हणजे तेरड्याची निंदा वाटायची. आता तसं वाटत नाही. का ते शेवटी सांगते.

मोरीच्या पाण्यावरची बाग

मी वाढले पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत. आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. सगळं पाणी उतारावरून सावित्रीला आणि पुढं समुद्राला. विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणारी बाई त्यातलं तांब्याभर पाणी फुलझाडाला घालेल का? नाही घालणार. म्हणून आमच्या घरांची बाग असायची मोरीच्या मागं. भांडी घासलेलं, आंघोळीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथं. अळू, केळ, कर्दळ, आणि गुलबक्षी.

गुलबक्षी दिवसभर मिटलेली असते आणि उन्हं कलली की उमलते. आजी घड्याळाकडं बघत नसे. गुलबक्षी उमलली की चूल पेटवायची वेळ झाली. बी काळं, मिऱ्याएवढं, एकदा पडलं की दरवर्षी आपोआप रोप. एका वाटीत पाणी घालून पाच-सहा फुलं सोडली की ओटीवर संध्याकाळपुरता उजेड व्हायचा. या फुलानं मराठीला एक रंगच दिला आहे. साडीच्या दुकानात 'गुलबक्षी दाखवा' म्हटलं की दुकानदार वेगळं काही विचारत नाही.

घरच्या टाकाऊ गोष्टीतून परस फुलवायचा, ही रीत आमच्या डोंगरात जुनी आहे. महाडच्या डोक्यावर रायगड आहे. शिवशाहीच्या कारभारात वाढलेले रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात किल्ल्यांच्या व्यवस्थेत काय सांगितलंय बघा. गडावर केर पडू देऊ नये, जागच्या जागी जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा. झाडांविषयीही सांगितलंय. आंबा-वडासारखी मोठी झाडं लावावीत, लिंबू-नारिंगासारखी लहान लावावीत, आणि फुलझाडं, वेलीसुद्धा लावाव्यात. उपयोगाचं असो नसो, झाड लावावं. कारण? अडचणीच्या वेळी निदान लाकूड तरी कामाला येईल. तोफा, दारूगोळा, धान्याची कोठारं यांच्या हिशेबात फुलझाडाचीही नोंद आहे, हे मला फार आवडतं.

पण इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. मोरीचं पाणी उरायला आधी घरात पाणी यावं लागतं. महाडच्या भर वस्तीत चवदार तळं आहे. मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं, ते कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. दारातल्या गुलबक्षीला 'फुकटचं फूल' म्हणताना मला हे आठवतं. ज्या घराला प्यायच्या पाण्यासाठी इतकं लढावं लागलं, त्या घराच्या मोरीमागं बाग कुठून असणार? स्वस्त फूलसुद्धा सगळ्यांना सारखंच स्वस्त नव्हतं.

पाहुणी फुलं

आता जरा गंमत. ही गुलबक्षी मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. निशिगंध मेक्सिकोचा. देवळासमोरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा. सदाफुली मादागास्करची. आणि ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडू? तोही मेक्सिकोकडचाच. इंग्रजीत मोठ्या झेंडूला 'आफ्रिकन' आणि लहान्याला 'फ्रेंच' म्हणतात, पण दोघांचंही मूळ गाव तेच. १४९२ मध्ये कोलंबस तिकडं पोचला, त्यानंतर युरोपियनांची जहाजं जगभर फिरली, आणि मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखीच ही फुलं आपल्याकडं रुजली.

मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक गेलेल्या माणसांची आठवण करतात. त्या घरच्या आत्म्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट दारापर्यंत घालतात. आमच्याकडं गौर आणताना दारापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. दोन्हीकडं पाहुणे दोन-तीन दिवसांचेच.

आपल्याकडूनही फुलं गेली बरं का. पावसाळ्यात ओढ्याकाठी घमघमणारा सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयाच्या भागातला. तो फिरत फिरत क्युबात पोचला आणि आज त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे.

मग झेंडू येण्याआधी दाराला काय बांधायचे? आंब्याची पानं होतीच. आणि कोकणात अजून 'नवं' बांधतात त्यात जुनी ओळख दिसते. शेतात पीक तयार झालं की भाताची लोंबी, नाचणीचं कणीस आणि कुर्डूचं फूल आंब्याच्या पानात एकत्र बांधून दाराला लावायचं. कुर्डू म्हणजे शेतातलं तण, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचं. आता त्याच जुडीत झेंडूही असतो. शेजारी शेजारी बांधलेले असतात दोघं, आणि त्यातला कोण गावचा, कोण परका, हे कोणी विचारत नाही.

फुलं विकत कधी घ्यायला लागलो?

विकतची फुलं पूर्वी देवस्थानांची आणि दरबारांची. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवणाऱ्या गोऱ्हे घराण्याचं आडनाव त्या कामावरूनच फुले झालं. महात्मा जोतीराव त्याच घरातले. साध्या घरात फूल तोडायचे, तेही देवापुरतं.

आमच्याकडं हे बदललं मुंबईमुळं. महाड-पोलादपूरची माणसं गिरण्यांत गेली. घरी आली मनीऑर्डर, आणि सणाला येणाऱ्या माणसाच्या पिशवीतून आले दादरच्या बाजारातले हार. ज्या चाळीत मोरीमागं जमीनच नाही, तिथं फूल विकतच घ्यावं लागणार. ती सवय मग गावी आली. रस्ते सुधारले, वरंधा आणि आंबेनळी घाट उतरून देशावरचा झेंडू, शेवंती येऊ लागली. त्याच्यामागून प्लास्टिकची फुलं आली, आणि मोरीमागं सिमेंटचा कोबा झाला. गुलबक्षी गेली ती अशी. ती महाग झाली नव्हती. तिला जागा उरली नाही.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

तर ताई, जे आम्हांला आज्यांकडून मिळालं ते थोडक्यात सांगते.

जास्वंद खुडली तरी दिवसभर तशीच राहते, तिला पाणीही लागत नाही. पण मुक्काम एकाच दिवसाचा. सोनटक्क्याच्या कळ्या दुपारी आणून तांब्यात ठेवा, संध्याकाळी खोली भरून वास येईल. अबोलीला वास नाही, पण ती लवकर सुकत नाही. कुर्डूचे तुरे नुसते पेल्यात उभे केले तरी वाळूनसुद्धा छान दिसतात. तेरडा आणाल तर खालची पानं काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. पाणी रोज बदला. झेंडू सुटा घ्या, हार घरी ओवा. बाजार उठता उठता गेलात तर उरलेला वाटा स्वस्तात मिळतो. कळलावी दिसायला देखणी, पण ती विषारी, कंद तर फारच. घरात लहान मुलं असतील तर नको. रानातून आणताना मूठभर आणा, बाकीचं बी धरू द्या. आणि एक कुंडी, फुटका डबा, काहीही चालेल, भांडी विसळलेल्या पाण्यावर एक गुलबक्षी लावा.

आता २०२१ ची गौर.

त्या दिवशी सासूबाई, शेजारच्या वहिनी आणि मी तेरडा आणायला गेलो. वरच्या डोंगराकडं बघवत नव्हतं. तळीये मनातून गेलं नव्हतं, आणि तेरडा उगवतो तोही उतारावरच. आम्ही खालच्या बांधावरूनच घेतला. गुलाबी, जांभळा, थोडा पांढरा. परत येताना वहिनींच्या मुलीनं तेरड्याची एक पिकली शेंग चिमटीत धरली, ती फट्‌कन फुटली, बी चहूकडं उडालं, आणि ती हसली. त्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

घरात भिंतीला कमरेच्या वरपर्यंत पुराची रेघ होती. त्या रेघेसमोर गौर उभी केली. साडी शेजारून आणलेली, नैवेद्याला भाजी-भाकरी. खर्च विचाराल तर हळद-कुंकवाचा. तिसऱ्या दिवशी तेरडा मान टाकायला लागला, आणि आम्ही तो नदीवर नेला. त्याच सावित्रीवर. सोडताना सासूबाई नदीला काही बोलल्या नाहीत, नुसता हात जोडला.

म्हणून म्हटलं, ती म्हण मला आता निंदा वाटत नाही. प्लास्टिकची माळ आठ-दहा वर्षं टिकली आणि शेवटी पुराचा वास धरून बसली. तेरडा तीन दिवस राहिला आणि वेळेवर गेला. बांधावर बी पडलेलं होतंच. पुढच्या पावसात तो परत आला.

तुमच्या गावात गौर कशाची करतात, मोरीमागं काय फुलायचं, ते आम्हांला जरूर कळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कळवा, ती नावं त्यांनाच ठाऊक असतात. पुढच्या भागात भेटूच. तोवर, नमस्कार.