पणजीचा कलामहोत्सव आणि पेडण्याची रात्र

डिसेंबर महिन्यात पणजीस भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवास २०१६ साली प्रारंभ झाला. त्यासाठी धारगळहून दुपारी निघालेला मनुष्य कोलवाळचा पूल ओलांडतो आणि म्हापसा, पर्वरी करीत मांडवीकाठी येऊन पोचतो. वाटेत आपण एक जुनी राज्यसीमा मागे टाकली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. शापोरा नदीच्या दक्षिणेचे बार्देश १५४३ पासून पोर्तुगीजांकडे होते. उत्तरेचा पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या हाती गेला तो १७८८ साली. हे अंतर २४५ वर्षांचे आहे, आणि महोत्सवात जे दिसते व जे दिसत नाही त्याचा पुष्कळसा उलगडा त्यातच होतो.

प्रथम वास्तूंविषयी. महोत्सवाचे एक मुख्य स्थान म्हणजे जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचे आवार. या वैद्यकीय शाळेची स्थापना १८४२ ची. पूल नव्हते तेव्हा पेडण्याचा रोगी येथवर आणायचा तर शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. आता महाविद्यालय बांबोळीस गेले आहे, आणि रोग्यांच्या जागी चित्रे व मांडणशिल्पे आली आहेत. जवळच आदिलशहाचा वाडा. १७५९ पासून तो पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान होता; मुक्तीनंतर, ९ जानेवारी १९६४ रोजी, गोव्याची पहिली विधानसभा येथेच भरली. ती २००० साली पर्वरीस हलली. जेथून हुकूम निघत तेथे महोत्सवाची प्रदर्शने मांडली गेली, आणि पाहणाऱ्यास दाराशी कोणी अडवीत नव्हते. ही गोष्ट मला एखाद्या चित्राहून कमी मोलाची वाटत नाही.

परंतु आमच्या पेडण्याची कला अशा दालनांत वाढलेली नाही. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळे पाडली गेली, आणि भाविकांनी कित्येक देव खाड्या ओलांडून पलीकडे नेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्यास गेला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ साली केला. पेडणे पोर्तुगीजांकडे आले तोवर देवळे पाडण्याचा तो काळ सरला होता. देऊळ राहिले म्हणून त्याचे पटांगण राहिले, जत्रा राहिली, आणि जत्रेबरोबर दशावतार राहिला. कोलवाळच्या अलीकडचा ख्रिस्ती समाज पुढे वेगळ्या रंगभूमीकडे वळला. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, तो तिकीट काढून पाहावयाचा नाट्यगृहातला खेळ. दशावताराला तिकीटही नाही आणि नाट्यगृहही नाही.

दशावतारी मंडळींचा पेटारा गावात येतो तो देवाच्या कार्यासाठी. पालखी फिरून आली, नवस फेडून झाले, की उत्तररात्री मृदंगावर थाप पडते. गणपती येतो, सरस्वती येते, काळ्या वेषातला संकासुर वेद चोरून नेतो आणि गावच्या बोलीत पोरांची फिरकी घेतो. मग आख्यान लागते. संहिता लिहिलेली नसते. स्त्रीचे पात्र पुरुषच रंगवितो. एकच बाक कधी सिंहासन होतो, कधी पर्वत. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते तेव्हा कोठे खेळ संपतो.

हाच खेळ शहरी महोत्सवात आला की त्याला तासाभराची मर्यादा पडते. संकासुर आटोपशीर होतो. समोर ओळखीचे चेहरे नसल्यामुळे तो फिरकी घेणार तरी कोणाची? काहीजण म्हणतात, यात कलेचा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. नटाला मानधन मिळते, नवा प्रेक्षक मिळतो, आणि या दोन्ही गोष्टींची त्याला गरज आहे. मात्र दुपारी चार वाजता जे पाहिले तोच दशावतार, अशी समजूत करून घेऊन कोणी घरी जाऊ नये.

अलीकडे उलटा प्रवासही घडला आहे. २०२४ च्या डिसेंबराअखेर सनबर्न हा विद्युत्संगीताचा अवाढव्य महोत्सव थेट धारगळच्या माळावर भरला. त्याच्या परवानगीवरून गावात दोन तट पडले, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. विरोध करणाऱ्यांना संगीताचे वावडे होते असे नव्हे. गावात कोणता उत्सव भरावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. जत्रेच्या बाबतीत तो अधिकार गावकरी आणि मानकरी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. डिसेंबर हा पेडण्यातही जत्रांचाच हंगाम. हंडी फुटली की रंग पुसून नट पेटारा बांधतात, आणि त्याच दिवशी पुढच्या गावाची वाट धरतात.