धोकटी, सोपा आणि थोरल्या बहिणीची कात्री



ऑगस्ट संपत आला की आपल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या सलूनमध्ये बसायला जागा मिळत नाही. सगळे नुकतेच भारतातून परतलेले असतात आणि शाळा तोंडावर आलेली असते. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून पोराला उंच बसवतात, त्याच्या हातात मोबाइल देतात आणि पंधरा मिनिटांत तो कानाजवळ 'फेड' वगैरे करून बाहेर येतो. ना रडणं, ना ओरडणं. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे, म्हणजे चाळिशीतले आहेत, त्यांना हे बघून थोडा हेवा वाटत असेल. कारण आपली हजामत सलूनमध्ये नाही, घरी झाली.

माझं बालपण सातारा जिल्ह्यातलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी न्हावी यायचे. आम्ही पोरं त्यांना आबा म्हणायचो. काखेत चामड्याची धोकटी. ती सोप्यात उघडली की आतून एकेक वस्तू निघायची: वस्तरा, कात्री, फणी, नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, छोटा आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तरा परजायचा चामडी पट्टा. शिवाय ते हाताने दाबायचं मशीन. त्याची धार गेलेली असली तर ते केस कापायचं कमी आणि उपटायचं जास्त. आबा उकिडवे बसायचे, आमची मुंडी दोन गुडघ्यांत धरायचे आणि म्हणायचे, "हलू नकोस बाळा, कान जाईल." कान कुणाचाच गेला नाही, पण हललंही कुणी नाही. स्टाइल कुठली हे विचारायची पद्धत नव्हती. मे महिन्यात चकोट, एरवी बारीक. बच्चनसारखे कान झाकणारे केस फक्त कॉलेजला जाणाऱ्या काकाला परवडायचे, तेही आजोबांची बोलणी खाऊन.

शनिवारी नाही, जन्मवारी नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. कापून झालं की कशालाही हात न लावता थेट मोरीत, आणि आजी वरून बंबातलं पाणी ओतणार. हे नियम तुमच्याही घरी असतील.

आता पैशांचं. आबांना त्या दिवशी पैसे देताना मी कधी पाहिलं नाही. सुगीत त्यांच्या घरी ज्वारी जायची. हेच बलुतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर वार्षिक सेवा करार: वर्षभर घरातल्या सगळ्या डोक्यांची जबाबदारी, मोबदला खळ्यावर. एमबीएच्या वर्गात मला हे उदाहरण फार आवडलं असतं. पण या करारात एक कलम नव्हतं, करार सोडून जायचं. काम जन्माने ठरलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि बसायचं खालच्या पायरीवर. ज्या समाजातल्या जिवा महालाने १६५९ साली प्रतापगडाखाली शिवरायांवरचा वार अडवला आणि ज्या समाजातला शिवा काशीद १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांच्या वेशात मृत्यूला सामोरा गेला, त्याच समाजाची ही जागा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली बलुतेदारी कायद्याने बंद केली. बाकी ठिकाणी ती हळूहळू, रोख पैसे आणि एसटी स्टँडजवळची सलून आल्यावर विरली. आबांचा मुलगाही पुढे तालुक्याला दुकान घालून बसला आणि धोकटी खुंटीला लागली. मला विचाराल तर बरंच झालं.

तीच धोकटी घराच्या मागच्या दारीही उघडायची, आणि तिथे समोर मूल नसायचं. नवरा गेलेल्या बाईचं, कधी कधी तर दहा-बारा वर्षांच्या मुलीचं केशवपन तिथे व्हायचं. प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली ही रीत. तिच्याविरुद्ध पुष्कळ लेख लिहिले गेले, भाषणं झाली. पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, ही कल्पना सत्यशोधकांची. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं तिथे ठरलं. या लोकांचं पोट त्याच घरांवर होतं, हे लक्षात घ्या. मुंबईच्या इतिहासात गाजलेले संप पुष्कळ आहेत. माझ्या मते या नकाराचं नाव त्यांच्या वरच्या ओळीत यायला हवं, आणि आपल्याला शाळेत तो कुणी शिकवला नाही.

आणि आता ज्यासाठी आजचा विषय घेतला ते सांगतो. घरी केस कापून घ्यायची सातारचीच आणखी एक आठवण आहे, माझ्या आठवणीच्या नव्वदेक वर्षं आधीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं त्यांचं छोटं आत्मकथन आहे, १९३०च्या दशकात लिहिलेलं, पुस्तिका म्हणून १९९० साली छापलेलं. त्यात ते बालपण सांगतात. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घर खाऊनपिऊन नीट. पण भावंडांचे केस कापायची थोरली बहीण. कापून कापून तिचा हात चांगलाच बसला होता. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, घरी पैसे नव्हते असंही नाही, हे ते मुद्दाम नोंदवतात. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता, एवढंच कारण.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. सोपा, वाटी, कात्री, मान धरून बसलेलं पोर, सगळं तेच. फक्त माझ्या घरी न्हावी घरी यायचा म्हणून हजामत घरी होती, आणि त्या घरी न्हावी येणारच नाही म्हणून घरी होती. त्यातही विचित्र गोष्ट पाहा. बारा बलुतेदारांच्या यादीत न्हावी आहे तसा महारही आहे. गावाची कामं दोघांनी करायची, गावाकडून धान्य दोघांनी घ्यायचं, पण एकाने दुसऱ्याला सेवा द्यायची नाही. आणि एखाद्या न्हाव्याने मनावर घेतलं असतं तरी बाकीच्या गावाने त्याच्यापुढे डोकं वाकवणं बंद केलं असतं, म्हणजे वर्षाची ज्वारी गेली. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५च्या कायद्याने अशी सेवा नाकारणं हा गुन्हा ठरला. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी वस्तरा फिरला असं मात्र झालं नाही. नगरपालिकेच्या गावात लवकर, खेड्यात फार उशिरा, असा तो क्रम होता.

म्हणून आपल्या ग्रुपवर कुणी 'काय ते दिवस' म्हणून वाटी कटचे फोटो टाकतो तेव्हा मी हसतो, आणि मनात एक प्रश्नही येतो: घरी का कापायचे, हे याला कुणी सांगितलंय का? काहींच्या घरी कारण साधं असतं. पैसे नव्हते, पोरं पाच होती आणि आईला शिवणकामाची कात्री चालवता येत होती.

आपल्या या वसाहतीतही घरची हजामत एकदा परत आली होती. मार्च २०२०. सलून बंद, रात्री निर्जंतुकीकरण, बाहेर पडायचं नाही. मेडिकल आणि सुपरमार्केटमधून ट्रिमर संपले. कुणी बाल्कनीत, कुणी बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर पोराला बसवून, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून सुरुवात केली. नंतर आठवडाभर ऑनलाइन वर्गात पोरांचे कॅमेरे बंद. विजेवर चालणाऱ्या या मशीनचं मूळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे. इलिनॉयमधल्या लिओ वाल यांनी १९१९ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. पण गुडघ्यात मुंडी धरायची युक्ती त्याच्याबरोबर येत नाही.

जावळाचं तेवढं अजून घरी होतं. पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, मामाच्या मांडीवर. रजा मिळाली नाही तर मामा व्हिडिओ कॉलवर आणि मांडी बाबांची. शेजारच्या एखाद्या मुस्लिम घरी विचारा, त्यांच्याकडे सातव्या दिवशी बाळाचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करायची रीत आहे. आमच्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, तुमच्यात मामाच का? मला उत्तर आलं नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मांडी मऊ असते म्हणून."

या शनिवार-रविवारी घरी फोन लावाल तेव्हा आजी-आजोबांना एवढंच विचारा: तुमचे केस कोण कापायचं, कुठे बसवून, आणि त्याला काय द्यायचे? फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. मुलांनाही शेजारी बसवा.