सेवाग्रामच्या प्रार्थनेचे लेखक कोण?

मागच्या शनिवारी एका मित्राचा फोन आला. मूळचा वसईचा, कॅथलिक, सध्या पुण्यात. तीन वर्षं आम्ही एकाच टीममध्ये कोड लिहिलाय, त्यामुळे एकमेकांचे बग काढायची जुनी सवय. त्याच्या धर्मग्रामात दर शुक्रवारी संध्याकाळी एक प्रार्थनागट सुरू करायचाय, आणि फादरांनी नेमकं ह्यालाच पकडलंय. माणसं जमली सहा. दोघे वसईकर मराठी, एक गोव्याचं जोडपं, एक तमिळ काका आणि केरळची एक नर्स. इंग्रजी सगळ्यांना समजतं. "पण इंग्रजीत डोळ्यांतून पाणी कोणाच्याच येत नाही रे," इति मित्र.

पहिले दोन शुक्रवार कुठलं गाणं घ्यायचं ह्यातच गेले. दुसऱ्या वेळी कोणीतरी त्या नर्सला म्हणालं, तुझं मल्याळम गाणं इथे कोणालाच येत नाही, सगळ्यांना येतं तेच घेऊ. तिसऱ्या शुक्रवारी ती आली नाही.

"तू वर्ध्याचा ना? तुमच्या सेवाग्रामला इतकी वर्षं रोज प्रार्थना चाललीय. ती सुरू कशी झाली?"

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. लहानपणी शाळेच्या सहलीत, मग घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासोबत, त्या मैदानावर मांडी घालून बसलोय. समोर गांधींनी लावलेला पिंपळ, अवतीभवती डास. सुरुवातीला एक जपानी मंत्र येतो, तो आम्ही पोरं जोरात म्हणायचो, कारण त्याचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता आणि म्हणायला मजा यायची. त्यानंतर उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना, भजन, रामधून. मला वाटायचं, एका कमिटीनं बसून सगळ्या धर्मांना सारखा कोटा वाटून दिला असणार.

तर तसं काही नव्हतं. रविवार वाचण्यात घालवल्यावर कळलं की ही प्रार्थना कोणी 'डिझाइन' केलेलीच नाही. आपण सोर्स कंट्रोलमध्ये एखाद्या फाइलचा इतिहास काढतो, तसा हिचा काढला तर जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव दिसतं.

सगळ्यात जुनी नोंद दक्षिण आफ्रिकेतली, आणि ती ख्रिस्ती आहे. फेब्रुवारी १९०८ मध्ये जोहान्सबर्गला मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधींना बेदम मारलं. जोसेफ डोक नावाच्या बॅप्टिस्ट पाद्र्यानं त्यांना स्वतःच्या घरी नेलं. तोंडाला टाके, बोलणं बंद. गांधींनी विनंती केली की तुमच्या छोट्या ऑलिव्हला 'लीड, काइंडली लाइट' गायला सांगा. ती दाराशी उभी राहून हळू आवाजात गायली. ते गाणं गांधींनी पुढे आयुष्यभर सोडलं नाही. त्याचा कवी जॉन हेन्री न्यूमन. १८३३ साली सिसिलीत मोठ्या आजारातून उठून घरी परतताना, वारा पडल्यामुळे समुद्रात अडकलेल्या बोटीवर त्यानं ते लिहिलं. तेव्हा तो अँग्लिकन होता. १८४५ मध्ये कॅथलिक झाला, १८७९ मध्ये कार्डिनल, आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. म्हणजे पुढे कॅथलिक संत झालेल्या माणसाचं गीत एका बॅप्टिस्ट मुलीच्या आवाजात एका वैष्णव वकिलाला मिळालं. (मित्राला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.)

पुढची मोठी भर साबरमतीची, आणि ती एका मराठी माणसाची. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ते आश्रमात येऊन राहिले, प्रार्थनेला सूर दिला, आणि 'आश्रम भजनावली' त्यांनीच जमवली. हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली, सगळी भजनं एकाच पुस्तकात. आपल्याला दांडीयात्रा ठाऊक असते, खरे ठाऊक नसतात. असो.

साबरमतीचा एक तपशील मला फार आवडला. पहाटेच्या प्रार्थनेची वेळ. त्यावर वाद, प्रयोग, पुन्हा वाद असं बरंच होऊन शेवटी ४ वाजून २० मिनिटं ठरली. संध्याकाळी हजेरी व्हायची, आणि नाव पुकारलं की ओ देताना आज सूत किती कातलं तेही सांगायचं. आपली रोजची स्टँडअप मीटिंग कोणाची आयडिया ते समजलं :-)

३० एप्रिल १९३६ ला गांधी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. (शेगावशी गोंधळ होऊन टपाल भलतीकडेच जायचं, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) आधी सगळे जण एकाच घरात, आदी निवासात, दाटीवाटीनं राहत. प्रार्थनेसाठी मंदिर नाही, छप्पर नाही, मूर्ती नाही. नुसतं उघडं मैदान. आणि इथे प्रार्थनेत माणसं शिरायला लागली.

निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधींना भेटून गेले होते. त्यांचे शिष्य पुढे आश्रमात येऊन राहिले, ढोलकं वाजवत सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करायचे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि आश्रमातला भिक्षू एका दिवसात शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. पोलीस त्याला घेऊन गेले. त्याचा मंत्र मात्र गांधींनी प्रार्थनेत ठेवला, तोही अगदी सुरुवातीला. आम्ही पोरं मजेत ओरडायचो तो हा मंत्र. एका अटक झालेल्या पाहुण्याची रोज आठवण काढत होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

कुराणातल्या आयती आल्या रेहाना तय्यबजींमुळे. अब्बास तय्यबजींची ही मुलगी कृष्णाची भजनं विलक्षण गायची. ती सेवाग्रामला आली, तिनं आयती म्हणायची परवानगी मागितली, आणि त्या कायमच्या राहिल्या. पारशी प्रार्थना आली डॉ. गिल्डर यांच्याकडून, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेत. मुख्य म्हणजे हे लोक 'प्रतिनिधी' म्हणून बोलावलेले नव्हते. ते सोबत राहत होते, सोबत तुरुंगात होते, आणि स्वतःला जे पाठ होतं ते घेऊन आले होते.

ख्रिस्ती माणसंही आसपास भरपूर होती. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा, सेवाग्रामला नयी तालीम चालवणारे आर्यनायकम्, राजकुमारी अमृत कौर. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधींच्या झोपडीत मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसलं, येशूचं.

हे सगळं गोड वाटतं, पण त्याची किंमत नंतर द्यावी लागली. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधी सेवाग्रामहून दिल्लीला निघाले ते परत आलेच नाहीत. नोआखालीत रामाबरोबर रहीम म्हटल्यावर काही मुसलमान नाराज झाले. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या भंगी कॉलनीतल्या प्रार्थनेत कुराणाची आयत सुरू होताच एक हिंदू तरुण विरोध करायला उभा राहिला. गर्दी त्याला गप्प बसवायला तयारच होती. गांधींनी गर्दीला आवरलं आणि त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली.

इथे मी वाचायचा थांबलो. आयत गाळून बाकीची उरकता आली असती. हजार जण हवं म्हणतात, एक जण नको म्हणतो, तर बहुमतानं पुढे जाता आलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणायची तर सगळी, नाहीतर कुठलीच नाही. आणि विरोध करणाऱ्याला हात लावायचा नाही. पुढचे दिवसही प्रार्थना अडली, मग विरोध निवळल्यावर झाली, रेहानाच्या आयतींसकट. मला हे कधीकधी हट्टीपणाचं वाटतं. पण एकदा सोयीसाठी एक ओळ गाळली की पुढच्या वेळी कोणाची गाळायची हा प्रश्न उरतोच, हेही पटतं. ३० जानेवारी १९४८ ला ते निघाले होते तेही प्रार्थनेलाच. सरदारांशी बोलणं लांबलं म्हणून थोडा उशीर झाला होता.

रविवारी रात्री मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, माझी आजी तर लॅटिन मिस्सेला उत्तरं द्यायची. एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण एकही रविवार चुकला नाही." लोकभाषेत मिस्सा करायची मोकळीक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये दिली, त्याआधीची ही गोष्ट. आणि त्याच्याही फार आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सनी बायबलची कथा मराठी ओव्यांत छापली होती, लोकांना एकत्र ऐकता यावी, गाता यावी म्हणून.

"मग मल्याळमचं काय करू?"

"आधी ती का येत नाही ते विचार," मी म्हटलं.

काल त्याचा मेसेज आला. तिला फोन केला होता. आधी म्हणाली, शुक्रवारी नाइट ड्यूटी असते. मग म्हणाली, तसं खरं कारण ते नाही. गाण्याचे शब्द तिनं देवनागरीत लिहून पाठवलेत, आणि काका सोडून सगळ्यांनी घरी म्हणून बघितलेत. काका म्हणतात, मल्याळम त्यांना आधीपासून थोडं येतं. आता गुरुवार सगळ्यांना जमतोय का, ते तो विचारतोय.