घरातील जुनी व वारसाहक्काची बंदूक: परवाना, जमा करणे आणि नावावर करणे

आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे, ते वारले, आता तिचे काय करायचे? असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी ही माहिती आहे. एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. वारसाने बंदूक मिळू शकते, परवाना मिळत नाही. परवाना हा त्या व्यक्तीच्या नावाचा असतो. तिच्या मृत्यूनंतर घरातील इतर कोणालाही त्या परवान्यावर बंदूक जवळ ठेवता येत नाही, मग ती वर्षानुवर्षे चाललेली नसली तरीही.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर लगेच काय करावे?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार बंदूक व शिल्लक काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावीत. मूळ परवाना सोबत न्यावा आणि पोच अवश्य घ्यावी. पोचपावतीवर बंदुकीचा प्रकार व क्रमांक लिहिलेला आहे ना, हे तिथेच उभे राहून वाचून घ्यावे. पुढचा सर्व पत्रव्यवहार त्याच कागदावर चालतो. विक्रेता ठेवणावळ आकारतो.

बंदूक जमा केली म्हणजे गेली, अशी भीती अनेकांना वाटते. तसे नाही. कायदेशीर वारसाला ती ठरलेल्या मुदतीत परवाना दाखवून परत घेता येते किंवा विकता येते. मात्र मुदत उलटून गेली तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करतानाच ही मुदत विचारून घ्यावी.

भीतीपोटी बंदूक विहिरीत टाकणे, भंगारात देणे किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला देणे, यांतले काहीही करू नये. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

वारसाच्या नावे परवाना कसा मिळतो?

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ यासाठी आहे. मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. परवानाधारक हयात असतानाही हे करता येते: त्याचे वय ७० वर्षे झाले असेल किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षे बाळगली असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. घरात वडीलधारे आहेत तोवर हे काम उरकले तर पुढची बरीच धावपळ वाचते.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे. मुलगीही अर्ज करू शकते. अर्ज जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे करायचा असतो. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, जमा पावती, ओळख व पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र तयार ठेवावे. अर्ज बहुधा या शेवटच्या कागदापाशी अडतो. भावंडांशी जमिनीचा वाद असेल तर बंदुकीची सहीही अडते. त्यानंतर पोलिसांचा चौकशी अहवाल जातो. परवाना मिळेलच असे नाही. तो प्राधिकाऱ्याचा निर्णय आहे.

डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा ३ होती. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. नव्या परवान्याची मुदत ५ वर्षे असते.

शेतीसंरक्षणाची बंदूक

कोकणात व इतर डोंगराळ भागांत पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना घेतलेली अनेक घरे आहेत. शेती मुलाच्या नावावर झाली तरी बंदूक आपोआप त्याच्या नावावर होत नाही. सातबारा आणि शस्त्र परवाना यांचा तसा संबंध नाही. आणि हा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

‘ती तर पुराणी आहे, परवाना कशाला?’

सर्वाधिक घोळ इथेच होतो. जुन्या घाटाचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र कलम ४५ नुसार कायद्यातून वगळले आहे. पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. नळी गंजली, घोडा तुटला, एवढ्याने भागत नाही. गावच्या लोहाराला तो घोडा बसवता येत असेल तर ती बंदूकच आहे. २०२० च्या नियम दुरुस्तीने ‘क्युरिओ’ वर्गातील बंदूक बाळगण्यास भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. परंतु ती वापरण्यास, बाळगून फिरण्यास किंवा दुसरीकडे नेण्यास परवाना लागतोच. आपली बंदूक त्या वर्गात बसते का, हे स्वतः ठरवू नये. परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. इंग्रजी अमदानीतला आजोबांचा परवाना जपून ठेवावा, पण तो आज चालत नाही.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाज व जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. ती फक्त त्यांच्यासाठी आहे. इतर राज्यांतील कुटुंबांनी तिचा दाखला देऊन उपयोग नाही.

बंदूक ठेवायचीच नसेल तर

परवानाधारक विक्रेत्याला विकणे सोपे पडते. परवाना असलेल्या खासगी व्यक्तीला विकायची असल्यास जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. १०० वर्षांहून जुनी बंदूक पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू परदेशातील नातेवाइकांना पाठवता येत नाही.