रोझेशिया

गाल-नाक लाल राहतं, चेहऱ्याची आग होते, अशी तक्रार घेऊन गेलेल्यांच्या कागदावर हल्ली डॉक्टर 'रोझेशिया' लिहितात. हा शब्द वारंवार कानावर पडू लागला, तशी त्याची कुळकथा शोधावीशी वाटली.

लॅटिनमध्ये 'रोझा' म्हणजे गुलाब, 'रोझेशियस' म्हणजे गुलाबासारखा. गुलाब, सफरचंद, बदाम यांचं वनस्पतिकुळ 'रोझेसी' हे याच शब्दाचं भावंड. जुने युरोपीय वैद्य या विकाराला 'गुट्टा रोझेशिया' म्हणत. 'गुट्टा' म्हणजे थेंब. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या डॉक्टर टॉमस बेटमन यांनी त्याला 'ॲक्ने', म्हणजे मुरमांच्या पंगतीत बसवलं. पण इथे फोड आले तरी ब्लॅकहेड नसतात. त्यामुळे पुढे 'ॲक्ने' गळालं, 'रोझेशिया' उरलं.

काहींचं नाक यात जाड, खडबडीत होतं. त्यावरून माणसाला दारुडा ठरवण्याची रीत जुनी आणि अन्यायाची. दारूला न शिवणाऱ्यांनाही हा विकार होतो. चित्रकार गिर्लांदायोच्या सुमारे 1490च्या चित्रात असंच नाक असलेल्या आजोबांकडे नातू मायेनं पाहतो. ते चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

आपल्या सावळ्या त्वचेवर 'गुलाब' सहज दिसत नाही. आग, उष्णता आणि पुरळच जाणवते. ऊन, कढत चहा, तिखट, मद्य, मनस्ताप यांनी हा त्रास भडकतो. विकार चिवट असला, तरी सनस्क्रीन आणि योग्य औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र गोरेपणासाठी दुकानातून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम चेहऱ्याला लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.